दोन वस्तरे

दिंडोरीजवळच्या त्या गावात भागवत न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांना ब्लेड चालायचं, फक्त रंगनाथनानांना नाही. त्यांना भागवतच्या आज्याच्या काळातला वस्तराच लागायचा, तोही डोळ्यांसमोर दगडावर घासलेला. आज मात्र नाना खुर्चीत बसले तेच तापून.

"काल बौद्धवाड्यातल्या नवरदेवाची दाढी तू वस्तऱ्यानं केलीस म्हणं! याच वस्तऱ्यानं? गावात राहायचंय ना तुला?"

"नाय नाना. त्यांचा वस्तरा वेगळा, तुमचा वेगळा. आज्यापासून तसंच हाय."

नानांचा जीव भांड्यात पडला. भागवतनं पाटीसारखा काळा, मधोमध झिजलेला दगड ओला केला आणि त्यावर सावकाश वस्तरा घासला.

"या दगडाची धारच न्यारी, लेका," म्हणत नानांनी मान मागं टाकली, डोळे मिटले.

भागवतनं वस्तरा त्यांच्या गळ्यावर टेकवला.

"वस्तरे दोन हायत, नाना. दगड एकच हाय."

नाना ताडकन उठायला गेले.

"हलू नका," भागवत म्हणाला. "धार लय हाय."