फुलोऱ्याची सुई

कुंदाबाई फुलोऱ्यावर आलेलं बाजरीचं कणीस कागदावर झटकत होती आणि भागाबाई दारातून, नाकातोंडाला पदर लावून, ते पाहत होती. कागदावर पिवळसर पूड साचत होती. भादव्यात हीच पूड वाऱ्यावर आली की भागाबाईचा श्वास कोंडायचा. दम्यापायी तिला शेतात पाय ठेवता येत नव्हता. शेताला हात हवे, म्हणून नवऱ्याने, सुपडूने, दुसरी बायको केली. ती ही कुंदा.

देवपुरातले डॉक्टर विलायतेतल्या लढाईवरून परतताना नवं काही शिकून आले होते. "हिला या पुडीचंच वावडं आहे," ते म्हणाले होते. "तिचंच औषध करू. आधी अगदी थेंबभर टोचायचं, मग हळूहळू वाढवायचं. अंगाला सवय होईल. पूड मात्र तुमच्या शेतातली आणून द्या."

सुपडूने मान डोलावली आणि तो विसरून गेला. कुंदा विसरली नाही.

सवत कधी सवतीचं भलं करते का, असं गावात बायका कुजबुजत. भागाबाईच्याही मनात पाल चुकचुकली. पण भादवा आठवला की ती मुकाट्याने गाडीत बसे. दर आठवड्याला देवपूरला सुई टोचून घ्यायला जाताना कुंदाच बैल जुंपी. टोचलेली जागा सुजली, की तिथे ओला फडका धरायलाही तीच.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. बाजरी पुन्हा फुलली. भागाबाई भीत भीत बांधापर्यंत गेली, मग पिकात शिरली. शिंका आल्या, डोळे चुरचुरले. श्वास मात्र कोंडला नाही. ती तिथेच उभी राहून रडली.

मागे कुंदा उभी होती. भागाबाईने डोळे पुसले.

"तू मनाकरता इतलं कसाले करं? मी बरी व्हयनू ते या घरमा तुनं काय राही?"

कुंदाने भागाबाईच्या पदरावर पडलेली पूड झटकली. मग म्हणाली, "काहीच राहाव नही, अक्का. तेच माले पाहिजे व्हतं. माले आठे, या घरमा, कोणी इचारीसन आनं नही. आते तू शेत सांभाय, माले मनी मायकडे जाऊ दे."

भागाबाईने सुपडूला विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी फुललेल्या बाजरीतून दोघी कुंदाच्या माहेरच्या वाटेला लागल्या. कुंदाचं गाठोडं भागाबाईने आपल्या डोक्यावर घेतलं होतं.