पाहुणीला पाणी

"संडासला एकटे जाता का, काका?"

सुरुचीने टॅबवरून मान वर न करता विचारलं. वय चोवीस-पंचवीस, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. तिला स्वतःलाच संकोच वाटत होता, म्हणून ती भरभर विचारत होती.

"मग काय, तुला सोबत घेऊन जातो?" भिवा म्हणाले आणि हसले. लकव्याच्या झटक्यानंतर त्यांचं हसू अर्ध्याच तोंडावर यायचं.

सुरुचीही हसली. बोट टेकवलं. मदत लागत नाही.

"असं नाहीये," दाराला टेकून उभी असलेली त्यांची सून मानसी म्हणाली. "चाळीचा संडास पॅसेजच्या टोकाला आहे. पहाटे पाचला, गर्दी नसते तेव्हा मीच नेते. बाहेर थांबते. नंतर..." पुढचं तिला सासऱ्यांसमोर बोलता येईना.

"सॉरी वहिनी. उत्तर त्यांचंच घ्यायचं असतं. तुम्हाला विचारायचं झालं तर मी विचारेन."

"तिचं सोड, पोरी. ती काळजीच जास्त करते."

आयुष्यभर राबून हातात पेन्शन नाही, त्यात शरीर निकामी, अशा घरांचा संस्था अभ्यास करत होती. पाच प्रश्नांपैकी एकाला जरी 'मदत लागते' असं आलं, तर दोन वर्षं रोज नऊ ते सहा सांभाळायला बाई मिळणार होती. फुकट. बाजूच्या कमलमावशींच्या घरी गेल्याच महिन्यात यायला लागली. मानसीच्या पर्समध्ये परळच्या एका लॅबचं नेमणुकीचं पत्र होतं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेणार. दीड वर्षांची लेक लादीवर बसून वाटी आपटत होती. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, विक्रांतचा फोटो होता, त्याला घातलेला हार अजून नवा होता. घरात कमावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पेन्शनचं सुरुवातीलाच विचारून झालं होतं. "लेथ मशीनवर होतो, चिंचपोकळीच्या कारखान्यात. एकतीस वर्षं," भिवांनी सांगितलं होतं. "रजिस्टरला नाव नाही. पण एक पीस रिजेक्ट नाही माझा. ते लिही." सुरुचीने टॅबवरचा फॉर्म खालीवर करून बघितला. तसा रकाना नव्हता.

"आंघोळ?"

"स्वतः."

"शर्टाची बटणं?"

"ही काय." भिवांनी छाती पुढे केली.

ती सातही बटणं मानसीने तासाभरापूर्वी लावली होती. दाढीही तिनेच केली होती, डावा गाल ताणून धरून. कमलमावशी दारातून डोकावल्या होत्या. "काय गं, मुलगी बघायला नेतेस का सासऱ्याला? आमच्या म्हाताऱ्याला मी बनियनवर बसवला होता, चार दिवसांच्या दाढीसकट." मानसीला ते सुचलं नव्हतं असं नाही. पण भिवा सकाळी म्हणाले, "बाहेरची बाई येणार, मी असा बसू?" आणि तिने मुकाट्याने पाणी तापत ठेवलं.

"जेवण?"

"उजवा हात ठणठणीत आहे."

चार झाले.

"आता शेवटचं. घरातल्या घरात, आधार न घेता चालता? हे बघावं लागतं, काका. चार-पाच पावलं."

इथे तरी खरं दिसेल, मानसीला वाटलं. आठ महिन्यांत ते तिच्या खांद्याशिवाय मोरीपर्यंतही गेले नव्हते.

"चालून काय दाखवायचं, मी घोडा आहे?" भिवा म्हणाले. मग एकदम थांबले. "मानसी, हिला पाणी विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. ती ओट्याकडे वळली.

"थांब. मी देतो."

"बाबा, तुम्ही बसा."

"थांब म्हटलं ना."

खाटेची कड धरत ते ओट्यापर्यंत गेले. फिल्टरच्या नळाखाली ग्लास ठेवला, नळ सोडला, बंद केला, सगळं एका हाताने. काठोकाठ भरला. परत येताना खाट लुळ्या डाव्या हाताच्या बाजूला होती, आणि धडका हात ग्लासात गुंतला होता.

एक पाऊल. डावा पाय लादीवरून फरफटत आला. दोन. मानसी त्यांच्या मागे कधी गेली तिला कळलं नाही. तिचे दोन्ही हात त्यांच्या कमरेच्या दोन बाजूंना, चार बोटं अंतर राखून, त्यांच्यासोबत पुढे सरकत होते. पडा बाबा, ती मनात म्हणत होती. एकदाच. आत्ता. मी धरते.

तीन. चार. एक थेंब सांडला नव्हता. लेक वाटी आपटायची थांबून वर बघत राहिली.

सुरुची ग्लास घ्यायला उठली. टॅबवर टेकायला निघालेलं तिचं बोट मध्येच थांबलं. ती मानसीच्या हातांकडे बघत होती.

"वहिनी, आता तुम्हाला विचारते. हात लावलात का तुम्ही?"

भिवा होते तिथेच उभे राहिले. ग्लास पुढे धरलेला. मागे वळून पाहिलं नाही त्यांनी. पाठीला शर्ट घामाने चिकटला होता. मानसीचे हात अजून तसेच होते, चार बोटं लांब.

"लावला," ती म्हणाली. "रोज लावते."

भिवांच्या हातातला ग्लास कलला, आणि पाणी मनगटावरून बाहीत उतरू लागलं.