अडकलेला हात

मोडेमवरची बारीक लाल लाइट पुन्हा लुकलुकू लागली आणि मोबाइलच्या पडद्यावर धम्मशीलाचा उजवा हात हवेतच अडकला. बोटं अर्धी मिटलेली, डोळे अर्धे उघडे. कुसुमबाईंनी पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलजवळ तोंड नेऊन लेकीच्या त्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"करायलोय, करायलोय," दत्तराव म्हणाले. कुसुमबाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पण दत्तरावांची उभी नोकरी मानवतच्या बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात गेलेली. त्यांचं तोंड आधी चालायचं.

त्यांनी राऊटरचा प्लग काढला, मनात तीसपर्यंत आकडे म्हटले, पुन्हा लावला. मग मोडेमचा. वायर उपसली, फुंकर मारून बसवली. दोन्ही डबे टेबलावरून उचलून कपाटावर ठेवले. लाइट लालच. आठ दिवस हेच चाललं होतं. सकाळी नेट पळायचं आणि दुपारी, नेमकं लेकीचा फोन यायच्या वेळेला, बसकण मारायचं. मोबाइलच्या नेटवर तर घरात चेहराही धड उमटत नव्हता. इंटरनेटवाला भुजंग दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सकाळी, आणि दोन्ही वेळा लाइट हिरवी.

त्यांनी भुजंगला फोन लावला.

"काका, बंद करून चालू केलं का?"

"सात वेळा केलं."

"मग लाइनवर लोड असंल. उद्या सकाळी येतो."

"उद्या येऊन काय करतूस? लेकीला तीन वाजता ऑपरेशनला आत न्यायलेत."

"मी आज सोनपेठला हाय, काका. जरा थांबून बघा, येईल आपोआप."

घड्याळात सव्वादोन झाले होते. तेवढ्यात धम्मशीलाचाच साधा फोन आला. गळ्यातली गाठ काढायला ती कालपासून हैदराबादच्या दवाखान्यात भरती होती.

"बाबा, चित्र गेलं. आई हाय का तिथं? तिला द्या."

"फोन आईला देऊन काय करू गं?"



"मग तुमीच सांगा तिला. म्हणावं, मला भीती वाटायलीय. लय वाटायलीय. एवढंच सांगा."

दत्तराव कुसुमबाईंपुढे जाऊन उभे राहिले. मायलेकींची हातांची बोली धम्मशीला पाळण्यात होती तेव्हापासून या घरात वाढली होती. दत्तरावांनी तिच्यातले कामापुरते शब्द उचलले होते. जेवण, पाणी, चहा, झोप, बाजार. गाडी आली, गाडी गेली. त्यांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. भीतीचा हात कसा करतात? त्यांनी डोळे मोठे केले, खांदे आकसले, अंग थरथरवून दाखवलं. कुसुमबाईंनी काळजीनं स्वतःच्या कपाळाला हात लावून विचारलं, ताप आलाय का तिला?

"न्हाई, ताप न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. आणि आपण मोठ्यानं बोलतोय हे ध्यानात येऊन त्यांचंच डोकं फिरलं. तो डबा ओढून फरशीवर आपटावा असं वाटलं. हात कपाटापर्यंत गेलाही.

कुसुमबाईंनी तो हात मनगटाला धरला आणि त्यांना ओढत मागच्या दाराशी नेलं. कालही त्यांनी असंच ओढलं होतं, परवाही. दत्तरावांनी दोन्ही वेळा हात झटकला होता. आज त्यांनी कुसुमबाईंच्या बोटाकडे पाहिलं. नेटची पातळ वायर चौकटीतून आत येत होती आणि उन्हाची झळ नको म्हणून दुपारी लावून घेतलेल्या दारात चिमटली होती. कुसुमबाईंनी दार उघडलं. जरा वेळानं कपाटावरची लाइट हिरवी झाली. त्यांनी दार लोटलं. लाल. पुन्हा उघडलं.

सकाळी हे दार सताड उघडं असायचं.

दत्तरावांनी दाराला पाठ लावली, टाच रोवली आणि झळ अंगावर घेत तिथंच उभे राहिले.

पडद्यावर धम्मशीला आली. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, केस टोपीत. तोंडानं ती काही बोलली नाही. तिनं छातीच्या मधोमध मूठ ठेवली, हळूहळू गोल फिरवली आणि गळ्यापर्यंत वर नेली. कुसुमबाईंनी मान हलवली. मग त्यांचेही हात चालू लागले, सावकाश, लेकीच्या डोळ्यांत बघत. काय सांगत होत्या ते दत्तरावांना कळलं नाही. पण धम्मशीलाचे वर ओढलेले खांदे खाली आले, तेवढं दारातूनही दिसलं.

त्यांचं मन त्या मुठीपाशीच अडकून राहिलं. छातीवरून गळ्याकडे चढत जाणारी ती मूठ त्यांच्या ओळखीची होती. ते रात्रपाळीला निघायचे तेव्हा, धम्मशीलाच्या वेळी दिवस भरत आले तेव्हा, गेल्या वर्षी त्यांना स्वतःलाच दवाखान्यात ठेवलं तेव्हा, कुसुमबाईंनी ती त्यांना करून दाखवली होती. दर वेळी त्यांना वाटलं, हिला पित्त झालं. दर वेळी त्यांनी चिमूटभर ओवा आणून दिला होता, आणि कुसुमबाईंनी तो निमूट चावून खाल्ला होता.