भिंतीला भोक नको

"भिंतले भोक पाडानं नही." मीनाबाईनं भरत मिस्त्रीच्या हातातली छिन्नीच काढून घेतली.

"आजी, पहिले धूर पत्राना फटीमधून जाये," हेमांगी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आते वर स्लॅब टाकेल शे. आते कोठे जाई?"

"तुन्हा नाकमा."

शहाद्याजवळच्या त्या घरात नव्या ओट्यावरून आठवडाभर अशी जुंपली होती. हेमांगीची बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. बापानं, पितांबरनं, मात्र एक स्थळ धरून ठेवलेलं. पाहुणे बघायला येणार म्हणून तर स्वयंपाकघराचा हा सगळा थाट. आजी नातीच्या बाजूनं चकार शब्द बोलली नव्हती. उलट टोमणा हाणला, "नर्स व्हईसन बी भोकेच पाडशी ना, मानसासले."

शेवटी पितांबरनंच भिंत फोडून धूर बाहेर ओढणारा पंखा बसवला. मुलाकडच्यांना ओटा शहरातल्यासारखा दिसायला हवा होता.

पाहुणे आले. पोहे खाल्ले, पोरगी पसंत केली, "आजच होकार कळवा" म्हणत गाडीत बसले. हेमांगी पोह्यांच्या बशा आपटत गोळा करू लागली.

"बस आठे," आजी म्हणाली. "दृष्ट काढस."

"तूच ते खूश व्हती. आते नाटक कसाले?"

"तोंड मिट."

आजीनं मीठ-मिरच्या तिच्यावरून उतरवल्या आणि एकटीच आत जाऊन गॅसवर धरल्या. बैठकीत कूलर घरघरत होता. पितांबर ठसक्याची वाट बघत बसला. ठसका लागला तर सगळं ठीक, नाही लागला तर नजर भारी, हे त्यानं आईच्या मांडीवर असल्यापासून ऐकलेलं. आत मूठभर मिरच्या जळाल्या आणि बाहेर कुणी साधं खाकरलंही नाही.

त्याचा चेहरा उतरला. "माय, टाक्यात ना मिरच्या?"

"कोयसा व्हई गयात," आतून आवाज आला. "त्यासनी नजर भारी शे. आपली पोर तठे टिकाव नही."

पितांबरनं कपाळाचा घाम पुसला, फोन लावला आणि चाचरत नकार कळवून टाकला.

हेमांगी धावतच आत गेली. आजी जळक्या मिरच्या चिमट्यानं गोळा करत होती.

"पंखा बंद कर व माय," ती हळूच म्हणाली. "तुन्हा बाप इकडेच येस."