आरशावरचे शब्द

एर्गाश दाढी करायला बसला तर आरशावर पुन्हा नवी चिठ्ठी. कालची काढून त्याच्या बायकोने, सौदातने, आज दुसरा इंग्रजी शब्द डकवला होता. अक्षर तिचंच, टोपीवर वेलबुट्टी भरावी तसं एकेक वळण जपून काढलेलं. खाली अर्थबिर्थ काही नाही.

"हा कुठला आणि?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" चहा ओतता ओतता ती म्हणाली. "तुम्ही तर शपथ घेतलीय."

तेवढ्यानेच त्याचं डोकं फिरलं. शपथ मात्र खरी होती. अंदिजानच्या शेतकी संस्थेत तो वीस वर्षं मातीचं शास्त्र शिकवत आला होता, आणि आता फर्मान निघालं होतं की विभागप्रमुख राहायचं तर वसंतापर्यंत इंग्रजीचं प्रमाणपत्र हवं. दोनदा तो परीक्षेला बसला आणि दोनदा शब्दांवर आपटला. परीक्षकापुढे त्याच्या तोंडून धड दोन वाक्यं निघाली नाहीत. दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी भर पाहुण्यांत त्याने नानवर हात ठेवून सांगून टाकलं, यापुढे इंग्रजीचा वर्ग नाही, मास्तर नाही, क्रमिक पुस्तक नाही. नानवरची शपथ कोण मोडतो? म्हणजे खुर्ची गेल्यातच जमा होती. आणि जाणार कुणाकडे, तर दाव्रोनकडे. त्याचाच विद्यार्थी, त्याच्याच हाताखालचा, पहिल्या फटक्यात पास झालेला तो उंच, हसरा पोरगा.

याचं दुःख कमी होतं म्हणून की काय, महिन्याभरात सौदातने इंग्रजी शिकायला काढलं. तेही, पास झाल्यावर दाव्रोनने काढलेल्या संध्याकाळच्या वर्गातच. आठवड्यातून तीनदा ती फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून निघायची आणि येताना गालातल्या गालात हसत यायची. एर्गाशचा नुसता जळफळाट व्हायचा. बायको आपल्यापुढे जाणार हे एक, आणि ते त्या दाव्रोनचं बोट धरून हे दुसरं. यातलं जास्त काय टोचतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

चिठ्ठ्या तरी कुठे लावाव्यात! त्याच्या आरशावर, त्याच्या बुटांच्या फळीवर, त्याची टोपी अडकवायच्या खिळ्याखाली. स्वतःच्या चुलीपाशी एक नाही. जखमेवर मीठ चोळायचा धंदा, दुसरं काय. सुरुवातीला तो हट्टाने मान फिरवायचा. मग एक दिवस एक अर्धवट ओळखीचा शब्द दिसला, 'लाँगिंग'. ओढ, असं काहीसं. ओढ? कुणाची?

त्या दिवशी त्याने माळ्यावरून विद्यार्थिदशेतला जाडा कोश खाली काढला. कोश म्हणजे वर्ग नव्हे, मास्तर नव्हे, क्रमिक पुस्तक तर नव्हेच, असं त्याने स्वतःला बजावलं. कोश होता इंग्रजीतून इंग्रजी. एका शब्दाचा अर्थ बघायला जावं तर त्यात आणखी चार अडलेले, आणि त्या चारांपायी सोळा. मातीच्या नमुन्यांच्या पिशव्यांमागे कोश लपवून तो रोज पहाटे तासन् तास त्यात डोकं घालून बसू लागला. हिवाळा सरला तेव्हा बायकोच्या मनात काय चाललंय, ते त्याला अर्थासकट पाठ झालं होतं.

चिठ्ठ्या दिवसेंदिवस धीट होत गेल्या. 'इन्फॅच्युएशन', खुळावणारं प्रेम. 'क्लॅन्डेस्टाइन', कुणाला कळू न देता चोरून केलेलं. पाणी कुठे मुरतंय ते आता सांगायला नको होतं. एका संध्याकाळी तो सरळ दाव्रोनच्या वर्गावर गेला आणि खिडकीतून डोकावला. दाव्रोन शिकवत होता. बाकांवर सौदात नव्हती.

दारातल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने आपण होऊनच सांगितलं की सौदातबाई कधी वर्गात बसतच नाहीत. येतात, मास्तर बाहेर येऊन त्यांच्या हातात घडी घातलेला कागद देतो, दोघं काहीतरी बोलून हसतात, आणि बाई चालू लागतात.

एर्गाश घरी आला तो पाय ओढत. जेवण मांडलेलं होतं आणि त्याच्या चहाच्या पियाल्याखाली आजची चिठ्ठी होती. 'इलोप'. हा त्याला कोशात बघावा लागला नाही. प्रियकराबरोबर पळून जाणं.

तो उभाच राहिला. हिला हिच्याच लाडक्या भाषेत सुनवायचं, म्हणजे कळलं नाही असं सोंग आणायला जागा नको. आणि तो इंग्रजीतून सुटला. वीस वर्षांचा संसार, विश्वासघात, तो पोरगा, खुर्ची, हसणं, चोरटे कागद, सगळं सगळं काढलं. दहा मिनिटं तो न अडखळता बोलत होता. शेवटी 'इलोप'ची चिठ्ठी तिच्यापुढे आपटली, तेव्हा कुठे थांबला.

सौदातने एकदाही मान खाली घातली नव्हती. ती टक लावून त्याच्या ओठांकडे बघत होती. तो थांबल्यावर तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, दुआ संपल्यावर फिरवतात तसे. मग उठली आणि रजयांच्या चळतीखालून घडी घातलेला एक कागद काढला.

"दाव्रोनने भरून दिलाय," ती म्हणाली.

एर्गाशने तो हिसकावून घेतला. परीक्षेचं प्रवेशपत्र होतं. त्यावर नाव त्याचं होतं आणि फोटोही त्याचाच.

"शनिवारी सकाळी नऊला. पासपोर्ट विसरू नका," सौदात म्हणाली. "आणि आता मघाचं सगळं आपल्या भाषेत सांगा बघू. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही."