काडीचे दहा सोलो

“हा नको,” म्हणत काडीने बटण दाबलं आणि स्वतःचाच सोलो मध्येच तोडला. “नुसती बोटांची कसरत. पुढचा लाव.”

ढोल्याने पुढची फाइल उघडली. काडीच्या घरातली ही खोली लहान आणि आवाज एवढा, की खिडकीची काच थरथरत होती. जरा कमी करू या का, असं त्याने मघाशी विचारलं होतं. काडीने हसून मान डोलावली होती आणि आवाज होता तेवढाच ठेवला होता.

अंगापिंडाने आडवा म्हणून हा ढोल्या; त्यात ड्रम्सही हाच वाजवायचा. दुसरा वाळकुडा, म्हणून काडी. कॉलेजात पडलेली नावं चाळिशी उलटली तरी सुटली नव्हती. त्यांच्या हेवी मेटल बँडला वीस वर्षं होत होती. त्यानिमित्त काडीच्या सर्वोत्तम दहा गिटार सोलोंचा अल्बम निघणार होता, आणि ते दहा दोघांनी मिळून निवडायचे होते. काडीला एवढंच माहीत होतं.

बाकीचं ढोल्याच्या पोटात होतं. बँडच्या गायकाने त्याला परवाच बाजूला घेतलं होतं. “काडी संपला,” तो म्हणाला होता. “सोलो वाजवून होतो आणि गाणं कुठे पोचलंय हेच त्याला कळत नाही. तू सांभाळून घेतोस म्हणून अब्रू राहिलीय. दुसरा गिटारवाला मी बघून ठेवलाय. अल्बम काढू, मानाने निरोप देऊ. पण सांगायचं तू. तुझंच तो ऐकेल.” ढोल्याने हो म्हटलं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मागच्या कार्यक्रमात काडी अख्खी ओळ पुढे निघून गेला होता आणि समोरचे लोक हसले होते.

सोलो सुरू झाला. एका रिकाम्या गोदामात केलेलं रेकॉर्डिंग. गाणं मध्यावर आलं, बाकीचे मागे सरले आणि गिटार एकटी पुढे आली. मध्येच टणकन आवाज झाला. तार तुटली होती. काडी थांबला नव्हता. उरलेल्या तारांवर चाचपडत, शिव्या घालत त्याने हवा तो सूर शोधून काढला होता, आणि तिथून पुढे तो असा काही सुटला होता, की ड्रम्सवर बसलेला ढोल्या खो-खो हसतोय हेसुद्धा त्यात ऐकू येत होतं.

“हा घे,” ढोल्या म्हणाला. “हा नसेल तर अल्बमच नको.”

पुढचा सोलो काडीचे वडील गेले त्या आठवड्यातला. मोजकेच सूर, तेही सावकाश. मेटल ऐकायला आलेल्यांना एवढा धीर नसतो, पण त्या दिवशी कुणी जागचं हललं नव्हतं. काडी स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकून डोळे मिटून बसला होता. ढोल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं. सांगायचं नाही. गायकाशी भांडू. वेळ आली तर बँड मोडला तरी चालेल. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं.

सोलो संपला. खोली शांत झाली. वहिनी चहा घेऊन दारात आल्या आणि त्यांनी काडीला हाक मारली. काडी हलला नाही. वहिनींनी पुन्हा हाक मारलीच नाही. त्या पुढे आल्या, रोजची सवय असावी तसा त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कप दिले आणि ढोल्याची नजर चुकवून निघून गेल्या.

“कधीपासून?” ढोल्याने विचारलं. काडी त्याच्या ओठांकडे बघत होता.

“उजवा कान गेला त्याला वर्ष होईल. डावा निम्मा राहिलाय.” काडी कपाकडे बघत बोलत होता. “डॉक्टर म्हणतात, आता स्टेज सोडलंत तर आहे तेवढं टिकेल. नाहीतर हाही जाणार.”

“मग?”

“मग काय. लेक बोलायला लागलीय. परवा काहीतरी म्हणाली, हिला हसू आवरेना. मला कळलंच नाही काय म्हणाली ते. सगळं कळतं रे मला. पण मी घरी बसलो तर तुमचं काय? वीस वर्षांत तुम्ही मला कधी वाऱ्यावर सोडलं नाहीत. स्वतःहून माझा पाय निघायचा नाही. तुम्हीच नको म्हणालात तर गोष्ट वेगळी. आणि तुम्ही काही तसं म्हणणार नाही.”

बाहेरच्या खोलीत पोर काहीतरी गुणगुणत होती. शब्द बोबडे, सूर मात्र पक्का. काडी शांतपणे चहा पीत होता.

ढोल्याने कप खाली ठेवला.

“बँडला तू नको आहेस,” तो म्हणाला. “आम्ही दुसरा बघितलाय.”

तो पुटपुटल्यासारखं बोलला होता. काडीने हसत डावा कान पुढे केला.

“मोठ्याने बोल की रे. घर आपलंच आहे.”

ढोल्याने खुर्ची जवळ ओढली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच पुन्हा, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने सांगितलं.