नकाराचे फोन

लंडनच्या एका नामांकित विद्यापीठाचे प्रवेशाचे फोन कैरोतल्या कॉल सेंटरमध्ये वाजायचे, आणि तीन वर्षं ते वाएलच घ्यायचा. बोलणं इतकं सफाईदार, की तिकडच्या आया विचारायच्या, "लंडनमध्ये कुठल्या भागातला रे तू?"

यंदा त्याने तिथेच अर्ज केला. आज कोशरीचा घास तोंडात असतानाच मोबाइलवर पत्र आलं : इंग्रजीच्या परीक्षेत अर्धा गुण कमी. प्रवेश नाही.

घास गिळेपर्यंत सुपरवायझर गिहान मॅडम समोर उभ्या. "ऊठ वाएल बाशा, जेवण राहू दे. इंग्रजीत कमी पडलेल्यांना आज नकाराची पत्रं गेलीत. आता दिवसभर रडारड."

त्यांनी हेडफोन स्वतःच त्याच्या डोक्यावर चढवला.



"नेमके कुठे कमी पडले, ते तूच समजाव पोरांना. तुझ्याइतकं इंग्रजी इथे येतंय कुणाला?"